कढई एकच असते: ‘कमी काम करा, धंदा वाढेल’ म्हणजे नक्की काय

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले की तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. मग जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे चेअरमन एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा व्हिडिओ फिरला, त्यात ९० तास, रविवारी पण या, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार वगैरे. तेव्हापासून हा वाद काही थांबलेला नाही. एकीकडे हे मोठे लोक, दुसरीकडे मोबाईलवरच्या रील्स, ज्यात कोणीतरी गॉगल लावून सांगतो की मी दिवसाला चारच तास काम करतो आणि धंदा आपोआप चालतो. मधल्या मधे आपला इंदूरचा छोटा धंदेवाला, सियागंजमधला असो, सांवेर रोडवर शेड टाकलेला असो, नाहीतर रामबागेत घरून फराळ विकणाऱ्या काकू असोत, त्यांना कळतच नाही की नक्की करायचं काय. मी छोट्या धंद्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे हा प्रश्न रोज कोणीतरी विचारतंच, "भाऊ, स्मार्ट वर्क स्मार्ट वर्क सगळेच सांगून राहिलेत, पण म्हणजे सोमवारी सकाळी दुकानात जाऊन करायचं काय?"

तर तेच सांगतो. माझं म्हणणं थोडक्यात असं की तासांवरचा हा वादच अर्धवट आहे. धंद्यातून रोज किती माल बाहेर पडणार हे सगळ्यांनी मिळून किती घाम गाळला यावर ठरत नाही, एका अरुंद जागेवर ठरतं. ‘कमी करा’ म्हणजे त्या जागेवरचा फालतू भार कमी करा आणि हातात घेतलेली अर्धवट कामं कमी करा. खुर्चीत रेलून बसा असा त्याचा अर्थ नाही.

आधी तासांचं मिटवू

जास्त तास म्हणजे जास्त काम, हे एका मर्यादेपर्यंत खरंच आहे. ती मर्यादा कुठे येते यावर स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास छापला. त्यांनी आकडे घेतले पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटनचे. तिथे दारूगोळ्याच्या कारखान्यात बहुतेक बायका काम करायच्या, आणि युद्ध चालू असल्यामुळे त्यांच्याकडून आठवडेच्या आठवडे अफाट तास काम करून घेतलं जायचं, रविवारची सुट्टीसुद्धा नाही. सरकारने १९१५ मध्ये या कामगारांच्या तब्येतीसाठी एक समिती नेमली होती, तिने नोंदी ठेवल्या म्हणून आज आपल्याला हे कळतं. निघालं असं की साधारण ४९ तासांपर्यंत तास वाढले की माल त्याच प्रमाणात वाढतो, त्याच्या पुढे वाढ मंदावते, आणि ७० तास काम करणाऱ्यांचा माल ५६ तासवाल्यांपेक्षा फारसा वेगळा नव्हता. म्हणजे वरचे १४ तास जवळजवळ पाण्यात, आणि लक्षात घ्या की हे मोजता येणारं, हातांचं काम होतं, जिथे बाई मशीनपाशी उभी आहे की नाही ते दिसतं. हिशेब, भाव ठरवणं, खरेदी अशा डोक्याच्या कामात थकव्यामुळे झालेली चूक त्या दिवशी दिसत पण नाही, महिन्याने दिसते.

आपला फॅक्टरी कायदा १९४८ चा, त्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती आणि त्याच्या वर दुप्पट दराने ओव्हरटाइम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले त्यातही आठवड्याचे ४८ तासच आहेत. योगायोग म्हणा काही म्हणा, पण हा ४८ चा आकडा पेन्कावेल यांच्या ४९ च्या अगदी शेजारी बसतो. मालकाला मात्र कुठलाच कायदा लागू नाही, तो स्वतःला कितीही पिळू शकतो, आणि पिळतोच.

अरुंद जागा कशी ओळखायची

आता एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत चालवू. समजा रामबागेतल्या एक काकू, दिवाळीच्या फराळाचा धंदा, हाताखाली तीन बायका. (आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत, तुमचे तुम्ही टाका.) चकलीचं काम बघा. भाजणीचं पीठ मळायला एक बाई, ती तासाला १० किलोचं मळू शकते. तळायला एक, कढई एकच, तिच्यातून तासाला ६ किलो चकली निघते. पॅकिंगला एक, ती तासाला १५ किलो भरू शकते. दहा तासांत किती चकली तयार होईल?

साठ किलो. मळणारी कितीही झपाट्याने मळो, पॅकिंगवाली कितीही हुशार असो, साठच. कारण सगळा माल त्या एका कढईतून जाणार. अशा जागेला इंग्रजीत बॉटलनेक म्हणतात, बाटलीचा गळा, आपण पुढे नुसतं ‘गळा’ म्हणू. इस्रायलचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते एलियाहू गोल्डरॅट, त्यांनी १९८० च्या दशकात याच एका गोष्टीवर कारखाने चालवायची पूर्ण पद्धत उभी केली. तिचा गाभा इतकाच की गळ्यावर गेलेला एक तास म्हणजे अख्ख्या धंद्याचा गेलेला एक तास, आणि गळा सोडून दुसरीकडे वाचवलेला एक तास म्हणजे शून्य.

शून्य हा शब्द लोकांना पटत नाही. पण बघा, काकूंनी पॅकिंगसाठी नवीन सीलिंग मशीन आणलं, आता तासाला ३० किलो भरून होतात. चकली किती? साठ किलो. मशीनचे पैसे गेले, वर ती पॅकिंगवाली आता दहातले आठ तास रिकामी आणि काकूंना तिच्याकडे बघून चिडचिड. याच्या उलट, कढईपाशी बसलेल्या काकू स्वतःच असतील आणि दर पाच मिनिटांनी फोन उचलत असतील, "हो हो, चकली आहे, अर्धा किलो लिहिते", आणि यात रोजचा मिळून एक तास जात असेल, तर रोज ६ किलो चकली गेली. किलोमागे १२० रुपये सुटत असतील तर ७२० रुपये रोजचे गेले. फोन घ्यायला कॉलनीतली एखादी मुलगी ४०० रुपये रोजावर बसवली तरी ३२० रुपये वाचतात, आणि काकू एका तासाचं काम कमी करून जास्त कमावतात. मी ज्याला कमी करणं म्हणतोय ते हे.

आपल्या धंद्याचा गळा शोधायला फार अक्कल लागत नाही. दुकानात, शेडमध्ये फिरा आणि बघा ढीग कुठे साचलाय. ज्याच्या आधी ढीग असतो तो गळा. कापडवाल्याकडे बहुतेक वेळा कटिंग मास्टर असतो, प्रिंटिंग प्रेसमध्ये डिझाइन करणारा मुलगा, सीए ऑफिसमध्ये सही करणारे साहेब स्वतः. छोट्या धंद्यात निम्म्या वेळा तरी मालकच गळा असतो, कारण भाव तो सांगणार, चेक तो देणार, उधारी द्यायची का तेही तोच ठरवणार, आणि तो मात्र माल उतरवायला टेम्पोपाशी उभा असतो.

किलोमागे नफा बघू नका, कढईच्या तासामागे बघा

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण बरेच लोक इथेच फसतात आणि माझ्या मते पूर्ण विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

काकूंच्या यादीत चकली आहे, शंकरपाळे आहेत, अनारसे आहेत. चकलीत किलोमागे १२० सुटतात, शंकरपाळ्यात ८०, अनारशांत ३००. कोणालाही विचारा, काय जास्त बनवावं? अनारसे! पण कढईला विचारा. अनारसा म्हणजे तीन दिवस भिजवलेले तांदूळ, गूळ, पीठ मुरवायचं, खसखशीवर थापायचं आणि मंद आचेवर जपून तळायचं, जरा लक्ष दुसरीकडे गेलं की तुपात विरघळून जातो. एका तासात दीड किलो निघाले तर खूप. म्हणजे कढईचा एक तास अनारशांना दिला तर ४५० रुपये. तोच तास चकलीला दिला तर ६ किलो, ७२० रुपये. शंकरपाळ्यांना दिला तर ८ किलो, ६४० रुपये. जो माल सगळ्यात फायद्याचा वाटत होता तो सगळ्यात मागे, आणि ज्या शंकरपाळ्यांकडे कोणी बघत नव्हतं ते चकलीच्या जवळजवळ बरोबरीला.

आणि बेसनाचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा? ते तर तळणीच्या कढईत जातच नाहीत (शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आदल्या रात्री तळून ठेवले की झालं), दुसऱ्या शेगडीवर भाजायचे. म्हणजे त्यांच्यावर गळ्याचा काही खर्चच नाही, जो नफा येईल तो वरचा. पॅकिंगवाली रिकामी बसलीये ना, तिला लाडू वळायला बसवा.

मग अनारसे बंद करायचे का? दिवाळीच्या त्या आठ-दहा दिवसांत, हो, किंवा भाव असा ठेवायचा की कढईच्या तासाचे ७२० वसूल होतील. दीड किलोत ७२० म्हणजे किलोमागे ४८० सुटले पाहिजेत, आता ३०० सुटतात, तर किलोला १८० रुपये वाढवा. ज्याला खरंच अनारसेच हवेत तो देईल आणि बाकीचे चकलीवर येतील, दोन्हीकडून आपलं नुकसान नाही. पण हेच अनारसे अधिक महिन्यात बघा. जावयाला वाण द्यायला ३३ अनारसे पाहिजेत, घरोघरी मागणी, आणि त्या वेळी चकलीला कोणी विचारत नाही, कढई अर्धा दिवस थंड असते. तेव्हा कढईच्या तासाला दुसरं गिऱ्हाईकच नाही, त्यामुळे अनारशांचे ४५० म्हणजे पूर्ण कमाई. तोच पदार्थ, तोच भाव, दिवाळीत तोट्याचा आणि अधिक महिन्यात सोन्याचा. नफा पदार्थात नसतो, त्या वेळी गळ्यावर काय दाटी आहे त्यात असतो. हे एकदा डोक्यात बसलं की आपण किती गोष्टी नुसत्या सवयीने करतोय ते दिसायला लागतं.

हातात जास्त घेतलं की सगळंच उशिरा

आता दुसरी बाजू, ऑर्डरींची. १९६१ मध्ये अमेरिकेतले जॉन लिटल यांनी एक नियम गणिताने सिद्ध केला, तो इतका साधा आहे की त्यासाठी प्रोफेसरची गरज का पडली असं वाटतं. हातात असलेली कामं भागिले रोज पूर्ण होणारी कामं म्हणजे एका कामाला लागणारे दिवस. काकूंकडे ४० ऑर्डरी पडल्यात आणि रोज ८ निघतात, तर नव्या ऑर्डरीला ५ दिवस. काकूंनी उत्साहात ८० घेतल्या तर १० दिवस. रोज निघणाऱ्या आठच आहेत, कढई एकच आहे, वाढलं फक्त वाट बघणं आणि "काकू झालं का हो?" असे फोन. आणि ते फोन कोण घेतं? गळा घेतो. म्हणजे जास्त ऑर्डरींनी उलट वेग कमी होतो.

अजून एक गंमत. समजा तीन मोठ्या ऑर्डरी आहेत, प्रत्येकीला एक-एक दिवस लागतो. तिघांनाही खूश ठेवायचं म्हणून काकू रोज तिन्हीचं थोडं थोडं करतात. तिघांचा माल तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तयार. त्याऐवजी एक पूर्ण, मग दुसरी, मग तिसरी असं केलं असतं तर पहिली पहिल्या दिवशी गेली असती, दुसरी दुसऱ्या, आणि तिसरी तिसऱ्याच दिवशी, म्हणजे तिचंही नुकसान नाही. मेहनत तितकीच, पण दोन गिऱ्हाइकांना माल लवकर आणि दोघांचे पैसे पण लवकर हातात. वर मधे मधे तेल बदलणं, सोऱ्याची चकती बदलणं, डबे शोधणं हे जे सांधे बदलताना वेळ जातो तो वाचला. आपण बहुतेक जण ऑफिसात, दुकानात हे रोज उलटं करतो आणि त्याला ‘मी एका वेळी दहा कामं सांभाळतो’ असं कौतुकाने सांगतो.

"पण माणसं रिकामी बसलेली बघवत नाहीत"

हा आक्षेप इंदूरच्या प्रत्येक सेठचा. पगार देतो तर हात चालले पाहिजेत. आणि खरंच, रिकामा हात बघून मालकाच्या पोटात दुखतं, त्यात वाईट काही नाही. पण मळणारी बाई रिकामी बसू नये म्हणून ती तासाला १० किलो मळत राहिली तर काय होईल? कढईतून ६ जातात, तासाला ४ किलो पीठ साचत जाईल, संध्याकाळी ४० किलो मळलेलं पीठ पडलेलं, त्याची चकली ना धड कुरकुरीत होणार ना पीठ उद्यापर्यंत टिकणार. ती बाई रिकामी बसली असती तर स्वस्तात पडलं असतं. टोयोटामध्ये ताइची ओनो यांनी कारखान्यात फुकट जाणाऱ्या गोष्टींची सात प्रकारांची यादी केली होती, त्यात गरजेपेक्षा जास्त बनवणं हा त्यांनी सगळ्यात वाईट प्रकार मानला, कारण बाकीचे सगळे दोष त्या ढिगाखाली झाकले जातात. लोकांना वाटतं जपानी माणूस म्हणजे सतत पळणारा, पण त्या पद्धतीत पुढच्याने मागितल्याशिवाय मागच्याने बनवायचंच नाही असा नियम आहे.

आणि गळा स्वतः? तो तरी १०० टक्के भरलेला असावा का? इथे पण उत्तर ‘नाही’ असंच आहे आणि याचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ए. के. अर्लांग नावाचे गणितज्ञ होते, फोनच्या लाइनी किती ठेवायच्या हा त्यांच्यापुढचा प्रश्न, त्यावर १९०९ मध्ये त्यांनी पहिला लेख लिहिला, आणि रांगांचं सगळं शास्त्र तिथून सुरू झालं. त्यातलं एक साधं सूत्र घ्या. काम कधीही येतं, कधी छोटं कधी मोठं, आणि सरासरी एका कामाला १० मिनिटं लागतात. तुम्ही निम्मा वेळ व्यस्त असाल तर येणाऱ्याला सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. ८० टक्के व्यस्त असाल तर ४० मिनिटं. ९० टक्के, ९० मिनिटं. ९५ टक्के, १९० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या वर. शेवटच्या पाच टक्क्यांसाठी वाट बघणं दुपटीहून जास्त झालं.

सीतलामाता बाजाराची गल्ली आठवा. एरवी मंगळवारी दुपारी माणसं आहेत, गाड्या आहेत, पण सगळं सरकतंय. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तीच गल्ली, फक्त थोडी माणसं जास्त, आणि एका स्कूटरवाल्याने वळायला घेतलं की राजवाड्यापर्यंत सगळं ठप्प. गल्लीत थोडी मोकळी जागा असते म्हणूनच ती चालते. धंद्यातला मोकळा वेळ तसाच आहे, एखादी कामवाली आली नाही, गॅस संपला, वीज गेली, तर तो धक्का त्या मोकळ्या जागेत जिरतो.

"नाही म्हटलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल"

जाईल, एखादं जाईल. पण आज ‘हो’ म्हणून दहा दिवसांनी, भाऊबीज झाल्यावर चकली दिली तर ते गिऱ्हाईक नक्की जाईल आणि जाताना चार जणांना सांगून जाईल. ‘नाही’ असं म्हणायचंच नाही. "आत्ता नाही होणार, गुरुवारी घ्या" असं म्हणायचं आणि गुरुवारी द्यायचं. ऑर्डरींची वही बंद करायची तारीख आधीच सांगून टाकायची. आपल्या घरगुती फराळवाल्यांपैकी ज्यांचं नाव आहे त्यांच्याकडे बघा, दसऱ्यानंतर काही दिवसांत त्यांची यादी बंद होते आणि लोक पुढच्या वर्षी लवकर नोंदवतात.

इंदूरच्या सराफ्याचं उदाहरण तर आपल्या नाकासमोर आहे. दिवसभर सोन्या-चांदीची दुकानं, रात्री ती वाढवली की त्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले. तिथे एका ठेल्यावर भुट्ट्याचा कीस, दुसऱ्यावर थंडीत गराडू (तळलेला कंद), तिसरीकडे खोपरा पॅटिस. कोणाकडे बारा पानी मेनू नाही. गराडूवाल्याला कोणी पावभाजी मागितली तर तो मान हलवून बाजूचा ठेला दाखवतो, आणि त्याचा धंदा काही बुडत नाही. आता हॉटेलवाला म्हणेल की आमच्याकडे फॅमिली येते, प्रत्येकाला वेगळं हवं असतं. बरोबर आहे, पण मग मेनूतल्या दीडशे पदार्थांपैकी गेल्या महिन्यात एकदाही न विकलेले किती ते तरी बिलिंगच्या मशीनमधून काढून बघा.

यातूनच ते प्रसिद्ध ८०-२० येतं, म्हणजे ८० टक्के परिणाम २० टक्के कारणांतून येतो, त्यावर फार वेळ घालवत नाही. इटलीचे विल्फ्रेडो पॅरेटो (१८४८ ते १९२३) यांनी संपत्ती किती थोड्या लोकांच्या हातात आहे याचा अभ्यास केला, पुढे क्वालिटीवाले जोसेफ जुरान यांनी तोच ढाचा कारखान्यातल्या दोषांना लावला की बहुतेक दोष मोजक्या कारणांमुळे येतात. ८० आणि २० हे काही ब्रह्मवाक्य नाही, तुमच्याकडे ७०-३० निघेल नाहीतर ९०-१०. कामाची गोष्ट एवढीच की यादी काढा.

यादी काढताना गिऱ्हाइकांची पण काढा, आणि एक रकाना ‘पैसे किती दिवसांनी आले’ असा ठेवा. २०२३ च्या बजेटमध्ये आयकरात एक तरतूद आली, कापड बाजारात ती ४५ दिवसांचा नियम म्हणून गाजली. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. तोपर्यंत दिले नाहीत तर माल घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी दाखवता येतो. नुसता व्यापार करणाऱ्याला हा फायदा नाही, माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. फायदा असो नसो, जे गिऱ्हाईक सहा-सहा महिने फोन करायला लावतं त्याच्या वसुलीत मालकाचे, म्हणजे गळ्याचेच, तास जातात. ते तास त्याच्या नावावर लिहून बघा, मग ते ‘मोठं’ गिऱ्हाईक किती मोठं आहे ते कळेल.

"मग सॉफ्टवेअर घेऊ, एआय लावू, झालं"

घ्या, पण आधी विचारा की ते गळ्याचं काम हलकं करणार आहे का. काकूंनी व्हॉट्सॲपवर आपोआप ऑर्डर घेणारं काहीतरी लावलं तर फोनचा तास वाचेल, ठीक. पण त्याच सोयीमुळे ऑर्डरी दुप्पट आल्या आणि घ्यायची मर्यादा लावली नाही तर वर लिटलसाहेबांचं गणित आहेच. कटिंग मास्टर गळा असताना बिलिंगचं महागडं सॉफ्टवेअर घेतलेले लोक मी बघितलेत, बिल एका मिनिटात निघतं आणि शर्ट पंधरा दिवसांनी.

कधी कधी तर नवीन काही न घेता, आहे तेच काम कमी वेळा करायची परवानगी सरकारच देतं. जीएसटीत ५ कोटीपर्यंत उलाढाल असलेल्यांना जानेवारी २०२१ पासून तिमाही रिटर्नची सोय आहे, कर दर महिन्याला भरायचा पण रिटर्न वर्षाला बाराच्या ऐवजी चार. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या योजनेत, दीड कोटीपर्यंत उलाढालीच्या उत्पादक-व्यापाऱ्याला एक टक्का कर आणि कागद अजून कमी, फक्त त्यात राज्याबाहेर माल विकता येत नाही आणि खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही. पुण्याच्या भाचीला पार्सल पाठवून तिच्या सोसायटीत विकायचा बेत असेल तर हे तुमच्यासाठी नाही.

"मोठे झालेले सगळे सोळा-सोळा तास राबूनच झाले ना?"

हो, बरेच जण. आणि मी याला खोटं म्हणणार नाही. धंदा नवा असतो तेव्हा काय विकलं जाईल हेच माहीत नसतं, तेव्हा दहा गोष्टी करून बघाव्याच लागतात आणि त्याला तास लागतातच. त्या दिवसांत काय कमी करायचं ते कळायलाही जास्त करावं लागतं. अडचण तेव्हा होते जेव्हा धंदा दहा वर्षांचा होतो आणि सेठ अजून पहिल्या वर्षासारखाच शटर स्वतः उघडतो, चहाची पुडी स्वतः मोजतो आणि मोठ्या सप्लायरशी भाव करायला त्याला वेळ नसतो. दुसरं म्हणजे सोळा तास राबून बुडालेले पण पुष्कळ आहेत, त्यांच्या मुलाखती कोणी घेत नाही.

आणि नोकरी करणाऱ्यांचं वेगळं आहे. मालकाने सोळा तास घातले तर नफा त्याचा. पगारदाराने घातले तर त्याला काय, हा प्रश्न त्या ७०-९० तासांच्या भाषणांत कधी येत नाही. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये जपानच्या ऑफिसात एक महिना चार दिवसांचा आठवडा करून बघितला, पगार तोच, आणि माणशी विक्री गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त निघाली. एका महिन्याचा प्रयोग आहे, डोक्यावर घेऊन नाचू नका. पण त्यात मीटिंगा अर्ध्या तासाच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत असंही सांगितलेलं होतं, आणि मला तरी वाटतं खरी मेख तिथेच आहे.

कुठे हे चालत नाही

जिथे नुसतं उघडं असणं हाच माल आहे, तिथे तास कमी करून भागत नाही. कॉलनीतलं दुधाचं आणि किराण्याचं दुकान सकाळी सहाला उघडतं म्हणूनच लोक तिथे जातात, मेडिकल स्टोअर रात्री अकरापर्यंत असतं म्हणून लक्षात राहतं. तिथे गळा बहुतेक गिऱ्हाइकांची संख्याच असते, म्हणजे दुकानात ताकद जास्त आहे आणि माणसं कमी, अशा वेळी ऑर्डरी मर्यादित ठेवा वगैरे सांगणं म्हणजे उपाशी माणसाला उपासाचे फायदे सांगणं. तिथे उलट जास्त लोकांपर्यंत पोचायचं काम वाढवावं लागतं. फक्त दुकान उघडं आहे म्हणून मालकानेच सकाळी सहा ते रात्री अकरा गल्ल्यावर बसलं पाहिजे असं नाही. दुपारी दोन ते पाच विक्री किती होते हे यूपीआयच्या मेसेजांवरून सुद्धा कळतं, त्या वेळात मुलाला किंवा नोकराला बसवून महिन्याची खरेदी, उधारीची यादी आणि तो राहिलेला हिशेब घेऊन बसता येतं. हो, माझ्याकडे महिनाअखेरीला पिशवीत कोंबून आणलेली बिलं घेऊन येणाऱ्यांना हे मी मुद्दाम सांगतोय.